बाबांचं चालणं आणि माझी सही

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलायला घेतलं की आई रडते आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन तिच्याकडे देतात, म्हणून लिहितेय. कोपनहेगनच्या असिस्टंट प्रोफेसरच्या पोस्टवर मी सही केलीय. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही लगेच "जा" म्हणाला असतात आणि तो आवाज ऐकून माझ्याने सही झाली नसती.

पुण्यात का नाही, हे नंदूकाका विचारणारच. त्याला सांगा, मेंदूत रोज साधारण ५०० मिली पाणी नव्याने तयार होतं, पण डोकं आणि मणका मिळून एका वेळी असतं १५० मिलीच्या आसपास, म्हणजे दिवसातून तीन-चारदा सगळं बदलतं. हे करतात मेंदूच्या पोकळ्यांमधल्या कोरॉइड प्लेक्सस नावाच्या जाळीच्या पेशी, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड इकडचं तिकडे नेऊन. मिठामागून पाणी येतं हे पुस्तकातलं उत्तर, पण तेवढ्याने हिशोब जुळत नाही, एनकेसीसी१ नावाचं प्रोटीन या आयनांसोबत (म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारख्या विद्युतभारित कणांसोबत) पाणीही ओढून नेतं असं इथले लोक म्हणतात, बाकीचे मान्य करत नाहीत, आणि मला त्याच भांडणात राहायचंय. (बाबा, पेशीतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा सोडियम-पोटॅशियम पंप शोधणारे येन्स स्को इथलेच, आरहूसचे. खेकड्यांच्या पायातल्या नसांवर काम, पेपर १९५७ चा, नोबेल १९९७ ला. तुमचं प्रमोशन त्यामानाने लवकरच आलं म्हणायचं.)

आई, माझ्या जेवणाचं टेन्शन घेऊ नकोस, तूरडाळ, कढीपत्ता सगळं मिळतं, घरात हीटर एवढा की टी-शर्टवर बसते. तुझी गोधडी मात्र घेतेच, अजून तोंडावरून, तू ओरडायचीस तशीच.

आता बाबा, रागावू नका. साखरपुड्याच्या व्हिडिओत तुम्ही पाय जमिनीला चिकटल्यासारखे टाकत होतात, छोटी छोटी पावलं, आणि वळताना दादाचा खांदा धरलात. आई म्हणते गुडघे. असतील गुडघेच. पण रात्री सारखं बाथरूमला उठणं, मधेच विसरणं, हे सगळं एकत्र आलं की मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठलंय का ते बघतात, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस म्हणतात, आणि बऱ्याचदा 'वय झालं' म्हणून कोणी बघतच नाही. निघालंच तर शंट म्हणजे बारीक नळी बसवून पाणी पोटात सोडतात, चालणं खूप जणांचं सुधारतं. मी पीएचडीवाली डॉक्टर, माझं ऐकून औषध घेऊ नका, पण न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं म्हणजे जायचं. एमआरआय सांगितला तर अंगातल्या त्या शिरवळवाल्या धातूच्या रॉडचं आधी सांगा, मशीन धडधडतं, घाबरायचं नाही. आई, तू आत जा, बाबा नुसतं "काही नाही हो" म्हणून परत येतील. चालतानाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेव. आणि त्या गुळगुळीत झालेल्या निळ्या सपाता आजच्या आज फेक. अपॉइंटमेंटची वेळ व्हॉट्सॲपवर टाक, दुपारची घेतलीस तर माझी सकाळ असते, मी व्हिडिओ कॉलवर येते.

तुमची,
चिऊ