रंग शेवटी, पाणी आधी

सोलापूर, शुक्रवार पेठ

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

इतकी वर्षं तू मागे लागला होतास, तर मागच्या महिन्यात एकदाचं मुंबईतल्या काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, पाहून आलो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरलो, मुलीकडे बॅग टाकली आणि थेट तिथेच गेलो.

जेकब ससून यांनी ते १८८४ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ बांधलं, हे तुला मी काय सांगणार! बगदादहून आलेल्या ज्यूंचं ते. तुमचं, बेने इस्रायलांचं म्हणजे मराठी ज्यूंचं, मांडवीचं शार हाराहमीम त्याहून जुनं, १७९६ चं. तेही आता पाहायचं आहे. जेरुसलेम मुंबईच्या पश्चिमेला, म्हणून तोरा हा धर्मग्रंथ ठेवायचं पवित्र कपाट, म्हणजे हेखाल, तेही पश्चिमेच्या भिंतीत. वर रंगीत काचांची मोठी खिडकी. दुपार कलली तशी ऊन त्या काचांतून आत आलं आणि बिडाच्या खांबांवर चढत वर बायकांच्या सज्जापर्यंत गेलं. मी उठलोच नाही.

पण मी खरा रमलो तो दुरुस्तीत. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेलं काम २०१९ मध्ये पुरं झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही मिळाला. लोक बाहेरच्या निळ्या रंगाचं बोलतात. मला विचारशील तर रंग ही शेवटची गोष्ट. जुन्या इमारतीला मारतं ते पाणी. आधी गळती बंद करायची, मग भिंती वाळू द्यायच्या, मग गिलावा. आणि तो चुन्याचाच. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं, मग खार फुटतो आणि वीट भुगा होऊन गळते. आपल्या वाड्याची मागची भिंत बघ, हात लावला की पीठ पडतं.

आमच्या माळवदावर दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायचे, आठवतं? ते थांबलं आणि गळायला लागलं. आता गवंडी म्हणतो, वर सिमेंटचा कोबा करा, कटकट मिटेल. मी ठाम नाही म्हणालो. चुना भिजत घातलाय. गूळ, बेलफळ, हिरडा घालून मळणारा एक म्हातारा गवंडी अक्कलकोटकडे आहे म्हणे, त्याला आणतो.

तिथे सिनेगॉगमध्ये बसलो असताना तुझ्या अण्णांची फार आठवण आली. दहा पुरुष जमल्याशिवाय प्रार्थना होत नाही आणि सोलापुरात तेवढे कुठले, म्हणून सणाला ते पुण्याला रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगला जायचे. परत आले की काकू मलिदा करायच्या. गूळ-खोबरं घातलेले ते गोड पोहे आमच्या घरी पितळी डब्यातून यायचे.

आता माझं एक काम कर. तिकडे इस्रायलात अश्दोदला काकूंजवळ बसून मलिद्याची पूर्ण कृती लिहून घे, प्रार्थनेसकट. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला येशील तेव्हा आधी मुंबईत एक दिवस काढ, मांडवीला दोघं जाऊ.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
सिद्राम