ल्युसिल बॉल यांचं तंत्रही आठवा

महोदय,

अमेरिकी विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉल यांच्याबद्दल लिहिताना त्यांच्या विनोदाचंच कौतुक होतं, तंत्र मागे पडतं, हे खटकतं. १९५१ साली अमेरिकेत बऱ्याच टीव्ही मालिका न्यूयॉर्कहून थेट दाखवल्या जात. पश्चिम किनाऱ्यावर टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर टिपलेली धूसर प्रत पोहोचे. बॉल आणि पती देसी अर्नाझ यांनी ‘आय लव्ह लुसी’ ही आपली मालिका हॉलिवूडमध्येच, प्रेक्षकांसमोर, ३५ मिमी फिल्मवर तीन कॅमेऱ्यांनी चित्रित केली. तिन्ही कॅमेरे एकदम चालायचे तर दर शॉटला दिवे हलवता येत नाहीत. म्हणून छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी वरून सगळीकडे सारखा प्रकाश दिला. जादा खर्चापोटी दोघांनी मानधन कमी घेतलं, पण फिल्मची मालकी मिळवली. केवढा दूरदर्शी सौदा! पुढे १९६२मध्ये दोघांच्या ‘देसिलू’ स्टुडिओतला माजी पती अर्नाझ यांचा हिस्सा विकत घेऊन बॉल स्टुडिओच्या प्रमुख झाल्या. ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथा मालिका तिथूनच आली.

– एक वाचक