'रायट अ‍ॅक्ट वाचणे' म्हणजे नुसते रागावणे नव्हे

महोदय,

प्रशिक्षकाने खेळाडूंना किंवा मंत्र्याने अधिकाऱ्यांना 'रायट अ‍ॅक्ट वाचून दाखवला', अशी इंग्रजी बातमी मराठीत येते तेव्हा तिचे कधी 'दंगल कायदा वाचला' होते, तर कधी नुसते 'कानउघाडणी केली'. पहिल्यातून काहीच बोध होत नाही, दुसऱ्यात निम्मा अर्थ गळतो.

हा कायदा ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १७१५ला लागू झाला. बारा किंवा अधिक माणसे दंगा करायला जमली की दंडाधिकारी, शेरीफ किंवा महापौराने जमावाजवळ जायचे, मोठ्याने शांत राहायला सांगायचे आणि ठरलेली घोषणा वाचायची: राजाची आज्ञा आहे, ताबडतोब पांगा, घरी किंवा कामाला जा, नाहीतर कायद्यातली शिक्षा भोगा. शेवटी 'देव राजाचे रक्षण करो'. तासाभरानंतरही बारा जण तिथेच राहिले, तर त्यांना फाशी होऊ शकत असे. फाशीची तरतूद १८३७मध्ये गेली. वाचनात अडथळा आणणे हाही गुन्हाच होता.

शब्दांना मोल किती? १८३०च्या एका खटल्यात शेवटचे 'राजाचे रक्षण' राहून गेले म्हणून शिक्षा टिकली नाही. १७८०च्या लंडनमधील गॉर्डन दंगलीत घोषणा वाचल्याखेरीज सैन्याने बळ वापरावे की नाही, यावरच गोंधळ झाला आणि शहर जळत राहिले.

आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला पांगण्याचा हुकूम देऊ देते. मात्र त्यात ना ठरलेला मजकूर आहे, ना तासाची मुदत.

म्हणून या वाक्प्रचारात तीन गोष्टी लागतात: वाचणाऱ्याच्या हाती अधिकार, 'हे आत्ता थांबवा' ही आज्ञा आणि न थांबल्यास शिक्षेची धमकी. बरोबरीच्या मित्रावर चिडणे त्यात बसत नाही. 'खरडपट्टी काढणे' झालेल्या चुकीपाशी संपते, 'कानउघाडणी'त समजावणीचा सूर असतो. 'सज्जड दम भरला' हे सर्वांत जवळचे. औपचारिक बातमीत 'कारवाईची तंबी दिली' लिहावे. मूळ बातमीत धमकी कसली, बदलीची की संघातून वगळण्याची, हे दिले असेल तर तेही त्याच वाक्यात यावे.

– एक भाषांतरकार, पुणे