तापलेल्या इंजिनावरही रेस जास्त, मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त): चुकीच्या निदानाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कारण न शोधता बदललेले सुटे भाग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बदलण्याचा चुकीचा सल्ला

महोदय,

माझी जुनी मल्टिपॉइंट इंजेक्शनची पेट्रोल गाडी तुमच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये दोनदा येऊन गेली. जॉबकार्डवर दोन्ही वेळा एकच तक्रार आहे: इंजिन पूर्ण तापल्यावरही न्यूट्रलमध्ये १,३०० आरपीएम (या गाडीला ८०० च्या आसपास हवेत), सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास आणि प्लगवर कोरडी काळी काजळी. पहिल्या खेपेस ऑक्सिजन सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारा) बदलला. दुसऱ्या खेपेस थ्रॉटल पोझिशन सेन्सर (थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडी आहे ते सांगणारा) बदलला आणि थ्रॉटलचा स्टॉप स्क्रूही (झडप किती मिटेल ते ठरवणारा) मागे घेतला. दोष होता तसाच आहे, आणि आता ईसीयू बदला असे लेखी दिले आहे.

ईसीयू चांगला आहे. खराब आहे तो कूलंट टेम्परेचर सेन्सर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे तापमान ईसीयूला सांगणारा सेन्सर.

रेस जास्त आणि मिश्रण रिच ही दोन लक्षणे एकत्र आली की पहिली शंका हीच यायला हवी होती. गार इंजिनाला ईसीयू जास्त पेट्रोल देतो आणि रेसही वर ठेवतो. तापलेले इंजिन असेच वागत असेल, तर इंजिन गार आहे अशी ईसीयूची समजूत झाली आहे. तसे का झाले, ते पाहायचे.

वीस मिनिटे गाडी चालवून स्कॅनर लावला, तर कूलंटचे तापमान २३ अंश दिसते. त्याच वेळी थर्मोस्टॅट हाउसिंगवर थर्मामीटर ८७ अंश दाखवतो. म्हणजे इंजिन खरोखर तापले आहे, थर्मोस्टॅट उघडा अडकून ते गार राहिलेले नाही. कनेक्टर काढून सेन्सरचा रोध मोजला तर २,२०० ओहम येतो. या प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २,५०० आणि ८० अंशांना सुमारे ३२० ओहम असतो. कनेक्टरवर ५ व्होल्ट येतात, आणि ईसीयूपर्यंतच्या दोन्ही तारांचा रोध १ ओहमपेक्षा कमी आहे. वायरिंग ठीक आहे.

निर्णायक चाचणी याच्या पुढची. सेन्सरऐवजी कनेक्टरमध्ये २७० ओहमचा साधा रेझिस्टर जोडला. स्कॅनरवर लगेच ८५ अंश दिसले, मिनिटभरात रेस उतरली आणि वासही गेला. ईसीयू बिघडलेला असता तर त्याने हे केले नसते.

‘एरर कोड नाही आणि डॅशबोर्डचा काटा मधोमध आहे, म्हणून तापमानाची बाजू ठीक,’ असे तुमच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने सांगितले. या गाडीत काट्याचा सेंडर वेगळा आहे आणि ईसीयूचा सेन्सर वेगळा. काटा बरोबर दाखवतो याने काहीच सिद्ध होत नाही. जुना ईसीयू कोड टाकतो तो तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर. २३ अंश हे त्याच्या दृष्टीने अगदी साधे तापमान आहे, मग तो तक्रार का करेल?

ऑक्सिजन सेन्सर बदलण्याला तर आधारच नव्हता. तो सतत ०.८५ व्होल्टच्या आसपास होता, कारण मिश्रण खरोखरच रिच होते. तो खरे सांगत होता. शिवाय कूलंट ठरावीक तापमानाला पोचेपर्यंत ईसीयू त्याचे रीडिंग वापरतच नाही. स्कॅनरवर पूर्ण वेळ ‘ओपन लूप’ दिसत होते, त्याचा अर्थ हाच.

सर्वांत गंभीर गोष्ट स्टॉप स्क्रूची. तो कारखान्यात बसवलेला असतो. रेस कमी करण्यासाठी तो फिरवायचा नसतो. तुमच्याकडे तो मागे घेतल्यावर रेस थोडा वेळ उतरली, पण ईसीयूने आयडल व्हॉल्व्ह (न्यूट्रलमधली रेस राखणारी हवेची झडप) आणखी उघडून ती परत १,३०० वर नेली. आता थ्रॉटलची चकती बोअरमध्ये घासते आणि ॲक्सिलरेटर दाबताना सुरुवातीलाच खटका लागतो. हा दोष गाडीत आधी नव्हता.

बाकीच्या शक्यताही तपासून पाहिल्या आहेत. जादा हवा शिरते का ते पाहायला ब्रेक बूस्टरचा आणि पर्ज व्हॉल्व्हचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) होस आळीपाळीने चिमटून रेसमध्ये फरक पडला नाही. पेट्रोलचा दाब आयडलला २.५ बार आहे आणि दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की ३ बार होतो; नळी आतून कोरडी आहे, म्हणजे रेग्युलेटरचा आतला पडदा (डायफ्राम) फुटलेला नाही. इंजिन बंद केल्यावर दाब टिकतो, त्यामुळे गळक्या इंजेक्टरचा संशयही उरत नाही.

इतके दिवस रिच चालल्याने डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर आली आहे आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवणे बेअरिंगांसाठी वाईट. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो तापतो, तेही थांबायला हवे.

त्यामुळे वर्कशॉपने नवा कूलंट टेम्परेचर सेन्सर बसवावा आणि बसवल्यानंतरचे गार व तापलेल्या इंजिनावरचे रीडिंग जॉबकार्डवर लिहावे. स्टॉप स्क्रू मॅन्युअलप्रमाणे परत लावून, बंद थ्रॉटलला पोझिशन सेन्सरचे व्होल्टेज जुळवावे. ऑइल, ऑइल फिल्टर आणि प्लग तुमच्या खर्चाने बदलावेत. दोन्ही अनावश्यक सेन्सरांचे पैसे, मजुरीसह, परत मिळावेत. ईसीयू बदलण्याचा सल्ला लेखी मागे घ्यावा. मोजमापांचे फोटो सोबत जोडले आहेत. हवे तर हीच चाचणी तुमच्या मेकॅनिकसमोर पुन्हा करून दाखवता येईल. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला ग्राहक