मिरजेच्या सरांना

सर,
सादर नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात त्याला आठवडा झाला. ओट्याशी उभी असले तरी तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून हे आभार चारचौघांसमोर मानते.

माझं लिहिणं सुरू झालं ते 2019 च्या ऑगस्टात, कृष्णा सांगलीच्या गावभागात शिरली तेव्हा. आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी गेलं होतं 57 च्या वर. पुण्याचा भाऊ सारखा विचारायचा, "ताई, आता कुठवर आलंय?" माडीवर बसून मी त्याला कळवत होते. तिसरी पायरी बुडाली. डाळीचे डबे वर घेतले. मांजर सापडत नाही. पुढेही असंच घरातलं काहीबाही घरच्या दहा-बारा जणांसाठी लिहीत गेले. कुणीतरी ते पुढे पाठवलं आणि कऱ्हाड, लातूर, कुठून कुठून अनोळखी माणसांचे फोन यायला लागले. खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण घरच्यांनी ते पाणी बघितलेलं असतं, त्यांच्यापुढे थाप चालत नाही. अनोळखी माणसाला काही ठाऊक नसतं आणि त्याला रडू आलं की आपला हात सुटतो. पुढे मी पूर पुन्हा लिहिला, तेव्हा जिन्यातलं पाणी माझ्या छातीला लागलं होतं. खरं म्हणजे त्या दिवसांत मी माडीवरून खाली उतरलेच नव्हते. मग आल्या वहिनीच्या पाटल्या. पुरानंतर घर सावरायला तिने त्या गहाण टाकल्या होत्या, माहेरी कळू दिलं नव्हतं. मी तिला न विचारता लिहिलं. हरिपूरला तिच्या भावाने ते वाचलं. आठ महिने वहिनी माझ्याशी बोलली नाही.

"अजून थोडं रडवा, लोकांना तेच हवंय," असं सांगणारे गृहस्थ तेव्हा फोन उचलेनात. "पुढचं कधी?" विचारणारे रोज होते. लिहिणं का थांबलं, घरी सगळं बरं आहे ना, हे एकानेही विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही एसटीने आलात, पाणी प्यालात आणि वही उघडून माझ्यापुढे ठेवलीत. पुरातले माझे ते पहिले निरोप! जुन्या फोनबरोबर माझ्याकडूनही गेलेले. तुम्ही ते शाईने उतरवून ठेवले होते. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, पण माझं 'पाणि' तुम्ही 'पाणि'च ठेवलंत. मी त्यावर बोट ठेवलं तर म्हणालात, "घाईत लिहिलंय ना? पाणी चढत होतं. राहू दे." बाकी उपदेशाचा एक शब्द नाही. छातीभर पाण्याचा विषयसुद्धा काढला नाहीत.

पुरात कोण कुठली पोरं नावेतून दुधाच्या पिशव्या माडीवर फेकायची. नाव विचारेपर्यंत पुढच्या गल्लीत गेलेली असायची. भली माणसं अशीच येतात सर, आणि अशीच चहासुद्धा न घेता निघून जातात.

काल ती पानं मी स्वयंपाकघरात वहिनीला वाचून दाखवली. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिसरी नाही, चौथी पायरी. त्या रात्री मी मोजत होते."

माझ्याकडे मी चौथी केली आहे. तुमच्या वहीत तिसरीच राहू द्या.

तुमची,
गावभागातली ताई