खिडकी मागताना बाजूही सांगा

महोदय,

दोन वर्षांपूर्वी बायकोला पहिल्यांदा विमानात बसवलं, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून मुंबईला. तिला बघायचा होता नाथसागर, पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. १९७६ साली हे धरण पुरं झालं, तोवर तिचं माहेर पाण्याखाली गेलेलं. मी नुसतं ‘खिडकी द्या’ म्हणालो. मिळाली उजवीकडची, तीही नेमकी पंखावर. उतरल्यावर ती काही बोलली नाही. ते मला अजून लागतं.

यंदा विचारपूस करूनच तिकीट काढलं. मुंबईला जाताना पैठण डाव्या अंगाला राहतं, म्हणजे सहा आसनांच्या रांगेत ‘ए’, परतताना ‘एफ’. रांग पंखाच्या पुढची घ्यावी, नाहीतर पार मागची. काही रांगांना खिडकीच्या जागी कोरी भिंत येते, तेही तपासावं. एटीआर या लहान विमानाचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यात खालचं मोकळं दिसतं. आणि जावं पावसाळा सरल्यावर, आभाळ निवळलेलं असताना.

या खेपेला तिने काचेला कपाळ टेकवलं. “इथंच कुठंतरी आमची विहीर होती,” म्हणाली.

आपल्या पुरवणीत आसनांची एवढी माहिती छापाल का?

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, पैठण