फिलर रॉडच्या जागी कोणतीही तार चालत नाही

महोदय,

वागळे इस्टेटपासून रबाळे-तुर्भ्यापर्यंतच्या अनेक छोट्या वर्कशॉपांत माइल्ड स्टीलच्या गॅस वेल्डिंगसाठी फिलर रॉडऐवजी, म्हणजे जोडात वितळवून भरायच्या धातूच्या काडीऐवजी, बांधकामावरची बाइंडिंग वायर, नाहीतर फ्लक्सचा (धातू स्वच्छ ठेवणाऱ्या द्रव्याचा) लेप झाडून टाकलेला आर्क वेल्डिंगचा इलेक्ट्रोड सर्रास वापरला जातो. ही सवय मोडायला हवी, एवढ्यासाठीच हे पत्र.

असा जोड वरून नीटस दिसतो. मात्र बाइंडिंग वायरमध्ये कार्बन, गंधक, फॉस्फरस किती आहे याची हमी कोणीच देत नाही, आणि इलेक्ट्रोडची आतली तार तिच्यावरच्या लेपासह वापरण्यासाठीच बनवलेली असते. लेपाबरोबर वितळलेल्या धातूतला ऑक्सिजन शोषणारी द्रव्येही निघून जातात व जोडात बारीक छिद्रे राहतात. तार जस्ताचा मुलामा दिलेली असेल, तर तिच्या धुराने कारागिराला थंडी-ताप येतो. गॅस वेल्डिंगच्या रॉडसाठी आयएस 1278 हे भारतीय मानक आहे. खरेदी करताना त्याचा उल्लेख असलेले पाकीटच मागावे. रॉडवरचा तांब्याचा पातळ मुलामा गंज रोखण्यासाठी असतो आणि खाडीकाठच्या आपल्या पावसाळी हवेत त्याची फार गरज आहे. तरीही गंज चढलाच, तर रॉड पॉलिश पेपरने घासल्याशिवाय ज्योतीत धरू नये.

जाडीचा हिशेब सोपा आहे. डावीकडे सरकत केलेल्या वेल्डिंगला पत्र्याच्या निम्म्या जाडीत एक मिलिमीटर मिळवावा, म्हणजे 3 मिमी पत्र्याला 2.5 मिमी रॉड. त्याहून जाड रॉड वितळलेला धातू थंड करतो. बारीक रॉड कडा वितळण्याआधीच गळून वर नुसता बसतो, आणि असा जोड मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण तो डोळ्यांना फसवतो.

ज्योत न्यूट्रल हवी, म्हणजे आतला पांढरा शंकू स्पष्ट दिसावा व त्याभोवती पिसासारखी झालर नसावी. रॉड ज्योतीने वितळवून थेंब पाडू नयेत, त्याचे टोक वितळलेल्या धातूतच बुडवावे आणि मधल्या क्षणीही ज्योतीच्या बाहेरच्या आवरणात ठेवावे. लालबुंद टोक हवेत आले की त्यावर ऑक्साइड धरते आणि पुढच्या बुडीला ते जोडात उतरते. माइल्ड स्टीलला वेगळा फ्लक्स लागत नाही.

वर्कशॉपमालकांना माझी विनंती आहे की, नव्या रॉडच्या पहिल्या पाकिटातून एक तुकडा जोडून, तो व्हाइसमध्ये धरून मुळाची (जोडाच्या तळाकडची) बाजू ताणली जाईल असा हातोड्याने वाकवून पाहावा आणि मगच काम सुरू करू द्यावे.

– वेल्डर ट्रेडचा एक निवृत्त शिल्पनिदेशक, ठाणे